पेय ऑनलाइन विकताना बाटलीचं डिपॉझिट: घ्यायचं किती, लिहायचं कुठं आणि परत द्यायचं कसं?



बारामती आणि इंदापूर भागातून मला सध्या एक प्रश्न वारंवार येतोय. कुणी मसाला दूध करतंय, कुणी लस्सी, कुणी डाळिंबाचा ज्यूस. माल चांगला आहे, व्हॉट्सॲपवर ऑर्डर येतात, काहींनी स्वतःची छोटी वेबसाइटही काढली आहे. काचेच्या बाटलीत दिलं की ग्राहक खूश असतो. पण बाटली परत येत नाही! मग प्रश्न असा की डिपॉझिट घ्यावं का? घेतलं तर ते बिलात कसं दाखवायचं? त्याच्यावर जीएसटी लागतो का? आणि सरकारचा काही नियम आहे का?

व्हिडिओत वेळ कमी असतो, त्यामुळे आकडे नीट मांडता येत नाहीत. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक ठिकाणी तुमचे स्वतःचे आकडे घाला.

डिपॉझिट ही नवी गोष्ट नाही

वीस लिटरचा पाण्याचा जार घरी लावताना आपण जारचे पैसे वेगळे देतो. लग्नाला कोल्ड्रिंकचे क्रेट आणले की दुकानदार बाटल्यांचं आणि क्रेटचं डिपॉझिट घेतो आणि मोजून परत देतो. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत मिळायचं, तेव्हा रिकामी बाटली केंद्रावर देऊन भरलेली घ्यायची, ही लोकांची रोजची सवय होती.

म्हणजे तत्त्व साधं आहे. पेय विकलं जातं, बाटली विकली जात नाही. बाटली ग्राहकाकडे काही दिवस राहायला जाते आणि त्याची हमी म्हणून तो काही रक्कम आपल्याकडे ठेवतो. हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशोब यावरच उभा आहे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पिशव्यांवर किती गाजावाजा झाला ते सगळ्यांना आठवतं, पण त्याच अधिसूचनेत पेट बाटल्यांवर परतखरेदीची किंमत छापण्याची अट होती आणि दुधाच्या पिशवीसाठी किमान ५० पैसे परतखरेदी किंमत ठेवली होती. पुढे अधिसूचनेत दुरुस्त्या झाल्या. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी दुधाच्या पिशवीवर ५० पैसे डिपॉझिटची घोषणा विधिमंडळात केली. प्रत्यक्षात काय झालं ते आपण रोज बघतो. आपल्या भागात दुधाची पिशवी किंवा पाण्याची बाटली घेताना कुणी वेगळं डिपॉझिट मोजून घेत नाही.

पण आजूबाजूला वारं बदलतंय, ते बघा.

- गोवा: ऑगस्ट २०२४ मध्ये गोवा सरकारने अविघटनशील कचऱ्यासाठी डिपॉझिट-परतावा योजना अधिसूचित केली. पेयांची पॅकिंग त्यात येते. ग्राहकाने पॅकिंग परत केली की डिपॉझिट परत, असा तिचा गाभा आहे.
- तामिळनाडू: टास्मॅकच्या दारू दुकानांत २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यातून सुरुवात झाली. बाटलीमागे १० रुपये जास्त घ्यायचे आणि रिकामी बाटली आणली की ते परत द्यायचे.
- उत्तराखंड: केदारनाथ यात्रेत २०२२ पासून प्लास्टिक बाटल्यांवर क्यूआर कोड लावून १० रुपये डिपॉझिट घेण्याचा प्रयोग झाला.
- जर्मनी: एकदाच वापरायच्या पेयांच्या बाटल्या आणि कॅनवर २००३ पासून सक्तीचं डिपॉझिट आहे. सध्या ते २५ सेंट आहे.

केंद्राच्या प्लास्टिक कचरा नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीची जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यातही कंपन्यांनी पॅकिंग गोळा करण्यासाठी डिपॉझिट-परतावा किंवा परतखरेदी योजना चालवावी, असा पर्याय दिलेला आहे.

आता तुमच्यासाठी याचा अर्थ काय? दोन गोष्टी. एक, तुमच्या तालुक्यात काचेच्या बाटलीवर तुम्ही घेताय ते डिपॉझिट म्हणजे तुमच्या आणि ग्राहकामधला करार आहे. तो स्पष्ट लिहिलेला हवा. दोन, तुम्ही गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात पेय विकणार असाल, तर तिथला नियम आधी बघायचा. माल जिथं विकला जातो, तिथला पॅकिंगचा नियम तुम्हाला लागू होऊ शकतो. "माझा धंदा इंदापूरचा आहे" हे उत्तर तिथं चालणार नाही.

वेबसाइटवर किंमत कशी दाखवायची?

इथं खूप जण गोंधळ करतात. ५० रुपयांचं पेय आणि २० रुपये डिपॉझिट, म्हणून थेट "७० रुपये" लिहून टाकतात. किंवा उलटं करतात. ५० रुपये दाखवतात आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर गुपचूप २० वाढवतात. दोन्ही चूक.

पहिल्यात काय होतं? पाकिटबंद वस्तूवर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यापेक्षा जास्त किमतीला विकता येत नाही. डिपॉझिट किमतीत मिसळलं की तुम्ही एमआरपीपेक्षा जास्त घेताय असं दिसतं. शिवाय ग्राहकाला तुमची लस्सी ७० रुपयांची वाटते आणि तो शेजारच्याकडे जातो.

दुसऱ्यात काय होतं? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने एकूण रक्कम आणि तिची फोड, म्हणजे डिलिव्हरी, हाताळणी, कर वगैरे सगळे आकार दाखवायचे असतात. ग्राहकाची संमती आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीतून घेता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. किंमत आधी कमी दाखवून शेवटी वाढवणं आणि न विचारता टोपलीत वस्तू घालणं, हे दोन्ही प्रकार त्यात नाव घेऊन सांगितले आहेत.

मग बरोबर पद्धत कोणती? वस्तूच्या फोटोखालीच दोन ओळी लिहा:

> मसाला दूध, ३०० मिली: ५० रुपये
> काचेच्या बाटलीचं डिपॉझिट: २० रुपये (बाटली परत दिल्यावर पूर्ण परत)

व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्येही हेच. युरोपात यावर थेट कोर्टापर्यंत वाद गेला होता. जून २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की परत मिळणारं डिपॉझिट हा विक्री किमतीचा भाग नाही, ते किमतीशेजारी वेगळं दाखवता येतं. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण विचार तोच आहे. किंमत वेगळी, हमी वेगळी. लेबलवर काय छापायचं याबद्दल शंका असेल तर छपाईला टाकण्याआधी वैधमापन कार्यालयात जाऊन विचारून या. हजार लेबलं फुकट जाण्यापेक्षा एक चक्कर परवडली.

जीएसटी आणि हिशोब

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २(३१) मध्ये "मोबदला" म्हणजे काय ते सांगितलंय. त्यात स्पष्ट आहे की पुरवठ्यासाठी घेतलेलं डिपॉझिट हे पुरवठ्याचं पेमेंट धरायचं नाही, जोपर्यंत विक्रेता ते मोबदला म्हणून वळतं करत नाही.

साध्या भाषेत सांगायचं तर बाटली परत येईपर्यंत डिपॉझिटवर जीएसटी नाही आणि ती तुमची विक्रीही नाही. पण बाटली आलीच नाही आणि तुम्ही ती रक्कम तुमची म्हणून जमा करून घेतली, त्या क्षणी चित्र बदलतं. तिथं कर कोणत्या दराने आणि कधी भरायचा ते तुमच्या सीएकडून लेखी घ्या.

आता वहीत कसं लिहायचं? समजा एका ग्राहकाने चार बाटल्या मागवल्या.

- पेय: ४ × ५० = २०० रुपये
- डिलिव्हरी: २० रुपये
- डिपॉझिट: ४ × २० = ८० रुपये
- एकूण आले: ३०० रुपये

या ३०० मधले २२० तुमचे. उरलेले ८० देणं आहे, उत्पन्न नाही. वहीत "ग्राहक बाटली डिपॉझिट" नावाचं वेगळं खातं उघडा आणि ८० तिथं टाका. आठवड्याने तीन बाटल्या परत आल्या की ६० रुपये त्या खात्यातून बाहेर. २० शिल्लक. एवढंच आहे, पण रोजच्या रोज व्हायला पाहिजे.

एक बारीक खर्च बघा. पेमेंट गेटवे २ टक्के घेत असेल तर तो ३०० वर घेतो, म्हणजे ६ रुपये. त्यातले १ रुपया ६० पैसे डिपॉझिटवर गेले, पण ग्राहकाला तुम्ही ८० पूर्ण परत देणार आहात. थेंब छोटा आहे, पण रोज गळतोय. म्हणून जवळच्या ग्राहकांना थेट यूपीआय क्यूआरवर पैसे पाठवायची सवय लावा.

डिपॉझिट किती ठेवायचं? चला, गणित करू

समजा निमगाव केतकीतल्या एका ताईंचा मसाला दुधाचा धंदा आहे. रोज ६० बाटल्या जातात, महिन्याला १,८००. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे वेगळे असतील.

- काचेची बाटली झाकणासह: १४ रुपये
- एक बाटली धुणं आणि निर्जंतुक करणं: ३ रुपये (नवी बाटलीही धुवावी लागते)
- त्याऐवजी एकदाच वापरायची प्लास्टिक बाटली: ६ रुपये

किती बाटल्या लागतील? बाटली ग्राहकाकडे सरासरी चार दिवस राहते आणि एक दिवस धुण्यात जातो. म्हणजे पाच दिवसांचं चक्र. ६० × ५ = ३००. फुटतूट आणि उशीर धरून २० टक्के जास्त, म्हणजे ३६० बाटल्या. ३६० × १४ = ५,०४० रुपये सुरुवातीचं भांडवल.

प्लास्टिकचा महिन्याचा खर्च: १,८०० × ६ = १०,८०० रुपये.

काचेचा खर्च, ९० टक्के बाटल्या परत आल्या तर: धुण्याचे ५,४०० आणि गेलेल्या १८० बाटल्यांचे २,५२०. एकूण ७,९२०. म्हणजे प्लास्टिकपेक्षा २,८८० रुपये वाचले.

काचेचा खर्च, ७० टक्केच परत आल्या तर: धुण्याचे ५,४०० आणि गेलेल्या ५४० बाटल्यांचे ७,५६०. एकूण १२,९६०. म्हणजे प्लास्टिकपेक्षा २,१६० रुपये जास्त!

बघितलंत? तीच बाटली, तेच दूध. फक्त परत येण्याचं प्रमाण बदललं आणि फायद्याचा तोटा झाला. या आकड्यांत सीमारेषा साधारण ७९ टक्क्यांवर येते. त्याच्या खाली परतावा गेला की डिपॉझिटशिवाय काच परवडत नाही. म्हणून "आपले लोक आहेत, देतील बाटली" या भरवशावर धंदा करू नका.

आता डिपॉझिट ठरवू. नियम असा की डिपॉझिट बाटलीच्या बदली किमतीपेक्षा कमी नको. ५ रुपये ठेवलं तर १८० बाटल्या गेल्यावर हातात ९०० राहतात आणि नवीन बाटल्यांना २,५२० लागतात. खिशातून १,६२० गेले. शिवाय पाच रुपयांसाठी कोण बाटली शोधत बसेल? मसाल्याला, तेलाला घरात चांगली बाटली झाली!

२० रुपये ठेवलं तर बाटली गेली तरी तिची किंमत निघते आणि परत करायला ग्राहकाला कारण मिळतं. मग ५० का नको? कारण पहिल्यांदा ऑर्डर करणारा माणूस चार बाटल्यांना २०० रुपये डिपॉझिट बघून पान बंद करतो. बाटलीच्या किमतीपेक्षा थोडं जास्त आणि पेयाच्या किमतीच्या निम्म्याच्या आत, ही माझी शिफारस.

सगळ्यात मोठा धोका: हंगाम संपतो तेव्हा

हा भाग दोनदा वाचा. बाटलीच्या धंद्यात माणूस अडकतो तो इथंच.

समजा मे महिन्यात, लग्नसराईत आणि उन्हाळ्यात, रोज १२० बाटल्या जातात. चार दिवस बाहेर धरले तर ४८० बाटल्या लोकांच्या घरी आहेत. तुमच्याकडे लोकांचे ९,६०० रुपये आहेत. खात्यात पैसे दिसतात, मन खूश असतं. त्यातून डिझेल भरलं, दुधाचं बिल दिलं, नवीन फ्रीजचा हप्ता दिला.

जून-जुलैत पाऊस पडला. विक्री रोज ३० वर आली. आता बाहेर फक्त १२० बाटल्या राहणार, म्हणजे २,४०० रुपयांचं डिपॉझिट. मधले ७,२०० रुपये कुठं गेले? ते लोक परत मागणार, आणि तेही तुमची विक्री सगळ्यात कमी असताना!

मोठ्या शहरात एखादा ग्राहक चिडला तर दुसरा मिळतो. आपल्याकडे भिगवण चौकात झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या बारामतीत पोचते. "वीस रुपये द्यायला चार चकरा मारायला लावल्या" हे एक वाक्य तुमच्या सगळ्या जाहिरातींवर पाणी फिरवतं. विषय वीस रुपयांचा नसतो, शब्दाचा असतो.

उपाय सोपा आहे. डिपॉझिटसाठी वेगळं बचत खातं काढा. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं निव्वळ डिपॉझिट तिथं टाका. त्या खात्याचं डेबिट कार्ड पाकिटात ठेवू नका. महिन्यातून एकदा तीन आकडे जुळवा: वहीतलं डिपॉझिट देणं, खात्यातली रक्कम, आणि बाहेर असलेल्या बाटल्या गुणिले २०. तिन्ही सारखे आले पाहिजेत.

बाटली परत कशी घ्यायची?

१. पुढच्या डिलिव्हरीला घ्या. वेगळी फेरी मारू नका. आदल्या दिवशी मेसेज टाका: "उद्या सकाळी गाडी येतेय, रिकाम्या बाटल्या तयार ठेवा."

२. दुकान जोडा. बारामतीत एक आणि इंदापुरात एक किराणा दुकान ठरवा. बाटलीमागे दुकानदाराला एक रुपया द्या. तो खर्च डिपॉझिटमधून कापू नका, तो तुमच्या धंद्याचा खर्च आहे.

३. ओळखखूण ठेवा. केदारनाथला प्रत्येक बाटलीला वेगळा क्यूआर कोड लागला, तो एकाच बाटलीचे दोनदा पैसे कुणी घेऊ नयेत म्हणून. तुम्हाला सुरुवातीला एवढं नको. बाटलीवर न निघणारी छाप पुरे. नाहीतर बाजारातली कुठलीही बाटली आणून लोक तुमच्याकडून वीस रुपये नेतील.

४. पर्याय ग्राहकाला द्या. पैसे यूपीआयने परत की पुढच्या ऑर्डरमध्ये वळते, हे त्याने ठरवायचं. जबरदस्तीने वॉलेटमध्ये अडकवू नका.

५. अटी चार ओळींत लिहा. बाटली किती दिवसांत आणायची, फुटली तर काय, पैसे किती दिवसांत मिळतील, कुणाला फोन करायचा. मराठीत, ठळक अक्षरात.

आलेली बाटली आधी उजेडात धरून बघा. तडा असेल, रॉकेल-फिनेलचा वास असेल तर ती बाजूला. खाण्यापिण्याचा धंदा आहे, फूड लायसन्स तुमच्या नावावर आहे. एका बाटलीपायी ते पणाला लावू नका.

कुठं ही पद्धत चालत नाही?

पुण्या-मुंबईला कुरिअरने काच पाठवत असाल तर रिकामी बाटली परत आणायचा खर्च डिपॉझिटच्या कितीतरी पट होतो. तिथं डिपॉझिट घेणं म्हणजे कधीच परत न द्यायचे पैसे घेणं. ते करू नका. लांबच्या ऑर्डरला एकदाच वापरायची पॅकिंग ठेवा, तिचा खर्च किमतीत धरा आणि तसं सांगा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर माल टाकत असाल, तर तिथं तुमची स्वतःची डिपॉझिटची ओळ सहसा घालता येत नाही आणि कमिशन एकूण किमतीवर कापलं जातं. म्हणून डिपॉझिटची बाटली फक्त तुमच्या स्वतःच्या रूटवर ठेवा, जिथं तुमची गाडी पुन्हा जाणारच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या किती बाटल्या गेल्या महिन्यात बाहेर गेल्या आणि किती परत आल्या? टक्केवारी काढा.
२. बाटली, धुणं आणि प्लास्टिक यांचे तुमचे दर वरच्या गणितात घालून तुमची सीमारेषा शोधा.
३. आज, या क्षणी, लोकांचं किती डिपॉझिट तुमच्याकडे आहे? आणि तेवढी रक्कम खात्यात खरंच आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर बिनधास्त नवीन गावात डिलिव्हरी सुरू करा. "नाही" आलं, तर आधी ते खातं भरा, मग नवीन ग्राहक शोधा. तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातली दोन-तीन गणितं आपण फळ्यावर सोडवू.

भेटूया, धंदा वाढवूया!